इकडची अंगणवाडी, तिकडची अंगणवाडी

माझा स्वभाव तुलनेचा. बाजारात एक वांगं घ्यायचं झालं तरी दोन हातांत दोन धरून बघते, आणि घरी आल्यावर वाटतं की टोपलीत राहिलेलं तिसरंच बरं होतं. आमचे हे मला चिडवतात, ‘लग्नाआधी माझा फोटो तू कुणाच्या फोटोशेजारी ठेवून बघितलास, ते तरी सांग.’ मी अजून सांगितलेलं नाही.

लेक साडेतीन वर्षांची झाली, तिला अंगणवाडीत घालायची वेळ आली, आणि आमच्या वस्तीनं माझ्या या स्वभावाला भरपूर खाद्य दिलं. कारण आम्हाला अंगणवाड्या दोन. आमची वस्ती कर्नाटकातल्या भालकी तालुक्याच्या अगदी कडेला आहे. घरांच्या मागं सोयाबीन-तुरीची रानं, रानांमधून ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडं महाराष्ट्र. पलीकडची वस्तीही आमच्याएवढीच. पायवाटेनं लेकरांच्या चालीनं वीस मिनिटं लागतात. माझं माहेर उदगीरकडचं, म्हणजे मी तिकडची आणि मला दिलं इकडं. इकडची अंगणवाडी कन्नडची, तिकडची मराठीची.

मी दोन्हीकडं एकेक सकाळ खिडकीशी बसून काढली. इकडची इमारत स्लॅबची, फरशी स्वच्छ, भिंतीवर कन्नड अक्षरं रंगवलेली, संडासाला पाणी. सकाळी दूध, ठरलेल्या वारी उकडलेलं अंडं. तिथली अक्का आमच्याच गावची, विहाराजवळच्या घरातली, बीदरच्या नौबाद भागात राहून शिकलेली. घरी मराठी बोलायची, वर्गात कन्नड, आणि एखादं लेकरू पडलं की तिची सरकारी भाषा विसरून ‘आगं माय’ म्हणत धावायची. तिकडची अंगणवाडी म्हणजे एक खोली, मागं धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या ठेवलेली दुसरी अंधारी खोली, वर निम्मे पत्रे. जेवायला खिचडी, उसळ, कधी लापशी. अंडं नाहीच. पण तिथली ताई गोष्ट सांगायला लागली की लेकरं तोंडातला घास गिळायची विसरत. खिडकीत बसून मीही विसरले होते.

सासूबाईंचं मत तिकडच्या बाजूनं. ‘आपली भाषा हाय तिकडं. इकडं कामून घालायलीस?’ भाषेचं कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण अक्काचं घर गावात कुठल्या बाजूला आहे हे होतं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मीही बोलले नाही, याची मला आज लाज वाटते.

माझी अडचण वेगळी होती. मला दोन गोष्टींची भीती होती. लेक काडीसारखी. अक्कानं काट्याला टांगून तिचं वजन केलं आणि तक्त्यावर बोट ठेवलं, ते पिवळ्या पट्ट्यात पडलं. पिवळ्याच्या खाली लाल असतो. त्या दिवसापासून पिवळी साडी अंगावर घेतली तरी मला धस्स व्हायचं. म्हणजे तिला अंडं हवंच. दुसरी भीती, ती बोलायची कमी. घरात चार शब्द बोलायची, पण परकं माणूस दारातून आत आलं की तोंडाला कुलूप. मला वाटायचं, दिवसभर कन्नड ऐकून आहेत ते चार शब्दही जातील. आमच्याकडं पोरं दोन-तीन भाषा खेळता खेळता उचलतात. आमचे हे एकाच गिऱ्हाइकाशी तीन भाषांत भांडतात. हे मला डोळ्यांनी दिसत होतं. पण भीतीला डोळे नसतात, तिला नुसतं पोट असतं. कितीही घाला, भरत नाही.

मग मी तेच केलं जे आमच्या गल्लीतल्या आणखी चार-पाच बाया करत होत्या. नाव इकडं, लेकरू तिकडं. सकाळी लेकरं अक्काकडं जायची, तिच्या मोबाईलमध्ये फोटो द्यायची, दूध पिऊन अंडं खायची. मग आम्हा बायांपैकी जिची पाळी असेल ती सगळ्यांना घेऊन ओढा ओलांडून ताईकडं सोडायची. दुपारी दोनला ज्याचं त्यानं आणायचं. अक्का म्हणायची, ‘मी काय बघितलं न्हाई बघा.’ ताई म्हणायची, ‘बसू द्या की, लेकरं काय जड झालीत का?’ दोघीही आमच्यासाठी डोळे झाकत होत्या. एका लेकराचं नाव एकाच ठिकाणी चालतं, हे दोघींना माहीत होतं. फोनमध्ये आधार असतं, तोंडाचा फोटो असतो. कुणी तपासायला आलं आणि एखादं लेकरू बोलून गेलं, तर आमची नावं कटतील आणि त्या दोघींच्या नोकरीवर बेतेल, अशी धास्ती सगळ्यांनाच होती. मला सगळ्यांपेक्षा जास्त.

म्हणून मी लेकीला शिकवलं. संध्याकाळी तिला समोर बसवायचे, पदर खांद्यावरून नीट घ्यायचे आणि मॅडम व्हायचे. ‘बाळ, तू कुठली?’ ती आमच्या घराकडं बोट दाखवायला हात उचलायची. मी ओठांवर बोट ठेवायचे. ‘बाळ, तू अजून कुठल्या अंगणवाडीत जाते?’ पुन्हा ओठांवर बोट. ‘कुणीबी इचारलं तर गप बसायचं. मॅडम आल्या की दिसायचंच न्हाई.’ ती गप्प बसली की मी तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायचे. दोन दिवसांत ती शिकली. तिसऱ्या दिवशी मी किती गोड आवाजात विचारलं तरी ओठ हलले नाहीत, फक्त हात पुढं आला. मला तिचा अभिमान वाटला होता. बाकीच्या बायांची पोरं वटवट करायची, माझी शहाणी होती.

तो दिवस अंड्याचा होता आणि पाळी माझी होती. तुरी डोक्याएवढ्या झाल्या होत्या, पिवळ्या फुलांनी भरलेल्या. त्या वर्षी रानडुकरांनी धुमाकूळ घातला होता, म्हणून हातात काठी घेऊन मी सहा लेकरं ओढ्यापलीकडं नेली. माझी लेक आपलं अंडं न खाता मुठीत धरून चालली होती. तिची तीच तऱ्हा, अंडं सोलायचं नाही, दिवसभर चिमणीसारखं टोचून टोचून खायचं. मी दोनदा ओरडले, ‘खा की गं, कुणासाठी ठेवायलीस?’ मग ताईच्या दारात तिला सोडलं आणि घरी येऊन भाकऱ्या केल्या, मग वरच्या गल्लीत एकीकडं डाळ निवडायला बसले.

दोनला आणायला गेले तर ताई दाराला कुलूप लावत होती. मला बघून ती गोंधळली.

‘अगं, तू कशाला आलीस? लेकरं तर मी बाराच्या आतच धाडली.’

ताईनं सांगितलं ते असं, की साडेअकराच्या सुमाराला अचानक तपासणीच्या मॅडम आल्या. गाडी दारात थांबलेली दिसताच ताई हातातलं टाकून उठली. तिनं मदतनीस बाईला खुणावलं आणि आमची सहा लेकरं मागच्या दारानं बाहेर काढली. मदतनीस त्यांना ओढ्यापर्यंत घेऊन आली. तिथून आमची घरं दिसतात. ‘जावा सरळ घराला,’ म्हणून ती घाईनं मागं फिरली, कारण तिकडं खिचडी चुलीवर होती.

‘मग असंल घरी,’ मी म्हणाले. मी वरच्या गल्लीत गेले असताना आली असेल, सासूबाईंजवळ असेल. मी चालत निघाले. नंतर कधी पळायला लागले ते कळलं नाही.

घरी नव्हती. सासूबाई म्हणाल्या, ‘तुझ्याबरूबर गेलती ना?’ मी गल्लीत एकेक घर घेतलं. पाच लेकरं सापडली, पाचही जेवून खेळत होती. एक म्हणालं, ती पुढं गेलती. दुसरं म्हणालं, मागं होती. तिसऱ्यानं विचार करून सांगितलं, ‘ती आलीच न्हाई.’ तीन वर्षांच्या लेकरांची साक्ष कशी घ्यायची? मी त्याच्या दंडाला धरून गदागदा हलवलं तसं ते रडायला लागलं आणि त्याच्या आईनं त्याला माझ्या हातातून ओढून घेतलं.

अक्काकडं गेले तेव्हा ती वही लिहीत होती. मी दारातच म्हणाले, ‘अक्का, हाय का इथं?’ ती म्हणाली, ‘तुमीच घेऊन गेलाव की.’ मग तिचा चेहरा उतरला, वही मांडीवरून खाली घसरली. त्या क्षणी मला सगळं लख्ख दिसलं. अक्काला वाटत होतं ती ताईकडं आहे, ताईला वाटत होतं ती घरी आहे, मला वाटत होतं ती ताईकडं आहे. तीन बायांनी एक लेकरू सांभाळलं होतं आणि ते कुणाजवळच नव्हतं.

ह्यांना फोन लावायला मी तासभर लावला. ते माल घेऊन उदगीरला गेले होते. हातात फोन होता, नाव समोर होतं, पण काय सांगायचं? हरवली कुठून, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? जिथं तिचं नावच नाही तिथून हरवली, असं? पोलिसांत जायचं तर इकडच्या की तिकडच्या, हाही विचार माझ्या मनात येऊन गेला. लेकरू बेपत्ता असताना मी ठाण्यांची तुलना करत होते. इतकी मी भित्री.

वस्ती गोळा झाली. माणसं तुरीत शिरली. मी तिचं नाव घेऊन ओरडत ओढ्याकाठानं पार ताईच्या वस्तीपर्यंत गेले, अंगणवाडीला वळसा घातला आणि परत आले. एकदा नाही, दोनदा. बाकीच्यांनाही मी ओरडून सांगत होते, ‘हाका मारा, मोठ्यानं हाका मारा.’ आणि मनातून मला माहीत होतं की ती परक्या आवाजाला ओ देत नाही. पण माझ्या आवाजाला देईल. माझ्या आवाजाला तरी देईलच.

ओढ्याच्या अलीकडं, वाटेपासून दहा पावलांवर, एक जुनी विहीर आहे. कठडा एका बाजूनं ढासळलेला. कुणी तिचं नाव काढत नव्हतं. शेवटी अक्काचा भाऊ बादल्या काढायचा गळ आणि दोर घेऊन आला. मला म्हणाला, ‘वहिनी, तुमी घराकडं जावा.’ मी गेले नाही. लोखंडी गळ पाण्यात गेला, दोर सैल झाला, मग तो हळूहळू फिरवायला लागला. एकदा दोर ताठ झाला. त्यानं थांबून माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर वळवली. मी मातीत बसले आणि मूठभर माती धरून ठेवली, कशासाठी ते माहीत नाही. त्यानं ओढलं. वर आला तो पाइपाचा तुकडा, शेवाळलेला. तो हसला की रडला कळेना. त्यानं पुन्हा गळ टाकला.

सासूबाई कधी तरी घरातून निघाल्या होत्या आणि अक्काच्या घराच्या पायरीवर बसल्या होत्या. अक्काच्या आईनं दिलेल्या तांब्यातलं पाणी पीत होत्या. लग्न झाल्यापासून मी त्यांना त्या पायरीजवळ थांबलेलंही बघितलं नव्हतं. त्यांनाही ते कळलं नसावं.

ऊन उतरायला लागलं तशी ताई धापा टाकत आली. तिचे डोळे रडून सुजले होते. म्हणाली, ‘आता मॅडमला सांगावंच लागतंय. नोकरी गेली तर जाऊ दे. नंबर आतल्या भिंतीवर लिवलाय, चल.’ अक्का म्हणाली, ‘मीबी येते. मलाबी सांगावं लागंल.’ आम्ही तिघी ओढा ओलांडून गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघी एका अंगणवाडीत उभ्या होत्या.

ताईनं कुलूप काढलं. आत खिचडीचा वास कोंडला होता. ती भिंतीवरचा नंबर फोनमध्ये दाबायला लागली, तिचं बोट चुकत होतं. मी खाली बघत उभी होते, कारण वर कुणाच्या तोंडाकडं बघायची ताकद नव्हती. मागच्या खोलीच्या उंबऱ्याजवळ पांढरं काहीतरी पडलं होतं. बोटाच्या पेराएवढं. मी वाकून उचललं.

अंड्याचं टरफल होतं.

ताईकडं अंडं मिळत नाही. कधीच मिळालेलं नाही.

मी मागच्या खोलीत शिरले. अंधारात दोन कोठ्या भिंतीपासून जराशा पुढं सरकवून ठेवलेल्या. त्यांच्या मागच्या फटीत, जिथं मांजरही अंग चोरून बसेल, तिथं माझी लेक उकिडवी बसली होती. चपला काढून मांडीवर घेतलेल्या, वर टरफलांचा ढीग नीट जमवलेला. फ्रॉक ओला झाला होता. डोळे टक्क उघडे. ती झोपली नव्हती. मी आत आले, वाकले, हात पुढं केला, तरी ती हलली नाही. माझ्या खांद्यावरून मागं बघितलं आणि अगदी बारीक आवाजात विचारलं,

‘मॅडम गेल्या का?’

मी तिला ओढून बाहेर काढलं, छातीशी धरलं, तोंडावरून हात फिरवला, आणि पाठीत एक धपाटाही घातला. तो धपाटा मला अजून आठवतो. मग मी विचारलं, ‘मी एवढी वरडायलते, तुला आयकू आलं न्हाई?’

‘आलतं.’

‘मंग ओ कामून दिली न्हाईस?’

तिला माझा प्रश्नच कळला नाही. ती माझ्याकडं अशी बघत होती की जणू मीच काहीतरी विसरले आहे. मग तिनं ओठांवर बोट ठेवून मला दाखवलं.

बाकीची पाच मागच्या दारानं निघाली तेव्हा ही कोठ्यांमागं शिरली होती, आणि घाईत मदतनीस बाईनं डोकी मोजलीच नव्हती. मॅडम आल्या की दिसायचं नाही, एवढंच तिला पाठ होतं. मॅडम गेल्या हे तिला कुणी सांगितलंच नाही. दोनला मी ताईशी पायरीवर बोलले, ताईनं कुलूप लावलं, मी दोनदा त्याच भिंतीबाहेरून किंचाळत गेले, आणि ती आत बसून सगळं ऐकत होती. माझाच धडा ती माझ्याविरुद्ध गिरवत होती. अक्का उंबऱ्यावर मटकन बसली. ताईनं फोन बंद केला आणि भिंतीकडं तोंड करून रडायला लागली.

मॅडमना शेवटी कुणी काही कळवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी आम्ही बायांनी पाळ्या बंद केल्या. अक्का आमच्या दारात येऊन स्पष्ट बोलली, ‘एक ठरवा. माझ्याकडं न्हाई ठेवलात तरी राग न्हाई. पन एक ठरवा.’ सासूबाईंनी तिला बसा म्हटलं, आणि ती बसली.

आठ दिवस मी लेकीला नजरेआड केलं नाही. संडासाला गेली तरी दाराबाहेर उभी राहून बोलत राहायचे आणि तिला ओ द्यायला लावायचे. आठ दिवस मी पुन्हा माझा जुना उद्योगही केला. इकडं अंडं, तिकडं गोष्ट. इकडं पक्की इमारत, तिकडं माझी भाषा. इकडं मधे विहीर नाही, तिकडं आहे. ह्यांना रात्री नीट झोप लागत नव्हती, पण माझ्यावर ते एका शब्दानं चिडले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, ‘तू एवढ्या समद्यांना इचारायलीस. जिला तिथं बसायचंय तिला इचारलीस का?’

खरंच विचारलं नव्हतं. इतक्या दिवसांत एकदाही नाही. मी तिला समोर बसवलं, तिथंच, जिथं रोज बसवायचे. पदर खांद्यावरून घेतला, सवयीनं. आणि शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, ‘बाळ, तुला कुठल्या अंगणवाडीत जायचंय? अक्काच्या का ताईच्या?’

तिनं दाराकडं बघितलं. तिनं ओठ घट्ट मिटले. मी म्हणाले, ‘सांग की, आता सांगायचं. काय होत न्हाई.’ ती बोलली नाही. मी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, माझा आवाज फाटायला लागला, तरी तिचे ओठ हलले नाहीत. ती शहाण्यासारखी वाट बघत होती.

मग तिनं गुळासाठी हात पुढं केला.